‘मग चांगला हो’ : मार्व्ह लेव्ही नावाचा प्रशिक्षक

यंदाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत माझ्यापुढे उभे असलेले एक गृहस्थ फार अस्वस्थ दिसले. चौकशी केली तेव्हा आजूबाजूला पाहून हलक्या आवाजात म्हणाले, “काय सांगू, मुलगी इंजिनीअरिंग सोडून शाळेत शिकवायचं म्हणतेय.” घरात कोणाला मोठं दुखणं लागावं, तसा त्यांचा सूर होता. रांगेत फार बोलता येईना. मी एवढंच म्हटलं, “पुढच्या अंकात एका माणसाची गोष्ट लिहितो, ती वाचा.” संपादकांनी जागा दिली, म्हणून हा लेखनप्रपंच.

गोष्ट आहे मार्व्ह लेव्ही यांची. आपल्या बफलो परिसरात जी कुटुंबं ऐंशी-नव्वदच्या दशकात आली, त्यांना हे नाव सांगायला नको. पण आपला अंक दूरदूरच्या गावी जातो आणि नवी मंडळीही बरीच आली आहेत, तेव्हा मुळापासून सांगतो. लेव्ही हे अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक. १९८६ ते १९९७ या काळात बफलो बिल्स संघ त्यांच्या हाताखाली होता. सलग चार वर्षं हा संघ सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत पोचला आणि चारही वेळा हरला. सलग चारदा तिथवर पोचणं दुसऱ्या कोणत्याही संघाला जमलेलं नाही, आणि सलग चारदा तिथं हरणंही कोणाच्या वाट्याला आलेलं नाही.

हा खेळ आपल्यापैकी अनेकांना, विशेषतः इथं पाहुणे म्हणून येणाऱ्या आजी-आजोबांना, नुसती धक्काबुक्की वाटतो. मलाही पहिली चार वर्षं तसंच वाटत होतं. थोडक्यात असं, की दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू असतात. चेंडू ज्यांच्याकडे, त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही जमलं तर चेंडू दुसऱ्यांकडे जातो. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाऊन, त्याचे सहा गुण. तिथवर पोचणं शक्य नसेल तर लांबून लाथ मारून चेंडू दोन खांबांमधून काढायचा, त्याला फील्ड गोल म्हणतात, त्याचे तीन गुण. कबड्डीतल्या चढाईसारखा प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांचा असतो, पण त्याआधी कोणी कुठं धावायचं हे सगळं ठरलेलं असतं. ते ठरवणारा, शिकवणारा आणि हरल्यावर सगळ्यांच्या शिव्या खाणारा माणूस म्हणजे प्रशिक्षक.

लेव्हींचा जन्म ३ ऑगस्ट १९२५ चा, शिकागोच्या दक्षिण भागात, एका ज्यू कुटुंबातला. वडील सॅम पहिल्या महायुद्धात मरीन सैनिक म्हणून लढले होते आणि पुढं शिकागोत त्यांचा भाजी-फळांचा छोटा व्यवसाय होता. आईचं शाळेतलं शिक्षण पहिलीपलीकडे गेलं नव्हतं, पण वाचनाचं वेड जबरदस्त. मुलाला पुस्तकांची गोडी तिनं लावली. दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४३ साली शाळा संपताच लेव्ही वर्गमित्रांबरोबर हवाई दलात भरती झाले. युद्धानंतर आयोवा राज्यातल्या को कॉलेजमधून उत्तम गुणांनी पदवी घेतली आणि थेट हार्वर्डच्या कायदा विभागात प्रवेश मिळवला.

भाजीविक्याचा मुलगा हार्वर्डला वकील होणार! आपल्याकडे असं झालं असतं तर गल्लीभर पेढे वाटले असते. आणि थोड्याच आठवड्यांत या मुलाच्या लक्षात आलं, की आपलं मन इथं नाही. आपल्याला फुटबॉल शिकवायचा आहे. त्यानं भीत भीत घरी फोन केला आणि वडिलांना ते सांगितलं.

त्या फोनवर वडील काय म्हणाले, ते शेवटी सांगतो.

कायदा सोडला तरी लेव्हींनी हार्वर्ड लगेच सोडलं नाही. १९५१ साली इंग्लंडच्या इतिहासात एम. ए. पूर्ण केलं आणि मग सेंट लुईसच्या एका शाळेत शिकवायला आणि संघ घडवायला गेले. तिथून जुन्या कॉलेजात, मग न्यू मेक्सिको विद्यापीठात. १९६० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संघाचं प्रमुखपद मिळालं. चार वर्षांत ८ विजय, २९ पराभव आणि ३ बरोबरी, असा तिथला हिशेब. नोकरी गेली. गंमत म्हणजे तिथं त्यांनी बिल वॉल्श नावाचा एक तरुण साहाय्यक घेतला होता. हेच वॉल्श पुढं सॅन फ्रान्सिस्कोला तीन सुपर बोल जिंकून देणारे प्रशिक्षक झाले. म्हणजे माणसं ओळखण्यात लेव्ही चुकत नव्हते, त्यांचा स्वतःचा जम तेवढा बसत नव्हता.

त्यानंतर पाच वर्षं व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात काढली. १९६९ साली, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये फिलाडेल्फियाच्या संघात पहिल्यांदा नोकरी मिळाली, तीही मुख्य कामाची नाही. चेंडूला लाथ मारणारे, ती लाथ अडवणारे, चेंडू परत आणणारे अशा खेळाडूंना शिकवायचं काम. आज प्रत्येक संघात या कामाला वेगळा प्रशिक्षक असतो, त्या वेळी ते नवं होतं. या कोपऱ्यातल्या कामात लेव्हींनी जीव ओतला. पुढं लॉस एंजेलिस आणि वॉशिंग्टन इथं जॉर्ज ॲलन यांच्या हाताखाली त्यांनी हेच केलं. मग कॅनडात माँट्रियलच्या संघाचे प्रमुख झाले आणि १९७४ व १९७७ असा दोनदा तिथला ग्रे कप जिंकला.

१९७८ मध्ये कॅन्सस सिटीत एनएफएलचं प्रमुख प्रशिक्षकपद मिळालं तेव्हा ते बावन्न वर्षांचे होते. पाच हंगामांनंतर तिथूनही काढून टाकलं. एका नव्या लीगमध्ये शिकागोच्या संघाबरोबर एक वर्ष काढलं, तर तो संघच बंद पडला. आता हिशेब करा. पस्तीस वर्षं नोकरी, दहाएक गावं, दोनदा हकालपट्टी, आणि वय साठीचं. आपल्याकडे या वयात माणूस निवृत्तीची कागदपत्रं जमवतो. नोव्हेंबर १९८६ मध्ये बफलोनं त्यांना बोलावलं.

तेव्हाचं आमचं बफलो नव्या वाचकांना सांगायला हवं. पोलादाचे कारखाने बंद पडले होते, माणसं गाव सोडून जात होती. देशभर आमच्या बर्फावरून विनोद चालत. फुटबॉल संघानं १९८४ आणि १९८५ या दोन्ही हंगामांत सोळापैकी फक्त दोन-दोन सामने जिंकले होते. मी १९८४ साली इथं नोकरीला आलो, त्या पहिल्या हिवाळ्यात आमच्या सौभाग्यवतींनी दर रविवारी एकच प्रश्न विचारला, “आपण परत कधी जायचं?”

लेव्ही आले आणि गोष्टी हळूहळू बदलल्या. त्यांची रीत निराळी होती. आरडाओरडा कमी, सराव थोडा पण नेमका. खेळाडूंशी बोलताना मधेच इतिहासातले सेनापती आणि लढाया येत, कधी असे शब्द येत की ते कळायला खेळाडूंना शब्दकोश लागावा. एकदा पत्रकारांनी विचारलं, हा सामना जिंकलाच पाहिजे असा आहे ना? ते म्हणाले, नाही, जिंकलंच पाहिजे असं होतं ते दुसरं महायुद्ध.

पण नुसत्या गोड बोलण्यानं संघ जिंकत नाही. जिम केली, थर्मन थॉमस, आंद्रे रीड, ब्रूस स्मिथ असे एकाहून एक तापट आणि हुशार खेळाडू हाती होते. १९८९ मध्ये ते आपसांतच भांडत, वर्तमानपत्रं त्यांची टर उडवत. लेव्हींनी तेव्हा एक धाडस केलं. साधारणपणे प्रत्येक चालीआधी खेळाडू कोंडाळं करतात आणि वरून आलेला हुकूम ऐकतात. बिल्सनी कोंडाळं करणंच बंद केलं. केलीनं मैदानात उभ्या उभ्या चाल ठरवायची आणि समोरच्याला श्वास घ्यायला वेळ न देता खेळ सुरू. म्हणजे प्रशिक्षकानं आपल्या हातातला अधिकार तरुण खेळाडूच्या हाती दिला. घरात कर्तेपणाची सवय झालेल्या आपल्यासारख्या बापांनी यावर जरूर विचार करावा. या रीतीनं संघ असा सुटला, की जानेवारी १९९१ मध्ये अंतिम फेरीआधीचा सामना बिल्सनी ५१-३ असा जिंकला.

२७ जानेवारी १९९१ ची संध्याकाळ मला लख्ख आठवते. आखातात युद्ध नुकतंच पेटलं होतं. टँपा इथं बिल्स आणि न्यू यॉर्क जायंट्स यांचा सुपर बोल होता. माझ्या कचेरीतल्या एका सहकाऱ्यानं आम्हाला घरी बोलावलं होतं, सौ. नं बटाटेवडे नेले होते आणि ते पहिल्या अर्ध्या तासातच संपले. आठ वर्षांचा आमचा धाकटा गालिच्यावर वही घेऊन बसला होता. प्रत्येक चाल तो काड्या-गोलांनी लिहून काढायचा. जायंट्सनी युक्ती केली, चेंडू आपल्याकडेच ठेवला. साठपैकी चाळीस मिनिटांहून अधिक वेळ चेंडू त्यांच्याजवळ होता. बिल्सची वेगाची जादू बाजूला बसून राहिली. तरी शेवटची आठ सेकंदं उरली तेव्हा धावफलक होता २०-१९, आणि बिल्सना फक्त एक फील्ड गोल हवा होता. अंतर ४७ यार्ड. स्कॉट नॉरवूडनं लाथ मारली. चेंडू उंच गेला, लांब गेला आणि उजव्या खांबाच्या बाहेरून गेला.

लाथ मारणाऱ्यांना शिकवत जो माणूस या लीगमध्ये वर आला, त्याचा सर्वांत मोठा सामना एका लाथेवर गेला. त्या खोलीत कोणी काही बोललं नाही. आमचा धाकटा वहीत तोंड खुपसून रडला.

दुसऱ्या दिवशी जे झालं त्यासाठी मी हे गाव आपलं मानायला लागलो. हरून आलेल्या संघाला भेटायला शहराच्या मुख्य चौकात कडाक्याच्या थंडीत पंचवीस-तीस हजार लोक जमले. मला वाटलं होतं, नॉरवूडची आता धडगत नाही. आपल्याकडे शेवटच्या चेंडूवर सामना घालवणाऱ्याच्या घरावर दगड पडलेले आपण ऐकले आहेत. इथं लोकांनी एकसुरात त्याच्याच नावाचा घोष सुरू केला, आम्हाला स्कॉट हवा. तो मागं उभा होता. पुढं आला तेव्हा त्याला बोलणं जड गेलं. संघात कोणी त्याच्याकडे बोट दाखवलं नाही, प्रशिक्षकांनी तर नाहीच. हरल्यावर लेव्हींनी खेळाडूंना एका जुन्या इंग्रजी पोवाड्यातल्या जखमी वीराची आठवण दिली, जो थोडा वेळ आडवा होतो आणि पुन्हा लढायला उठतो. पुढच्याच हंगामात, जानेवारी १९९२ मध्ये, डेन्व्हरविरुद्धचा सामना बिल्सनी १०-७ असा जिंकला. फरक तीन गुणांचा, आणि ४४ यार्डांवरून ते तीन गुण मिळवून देणारा नॉरवूडच.

त्यानंतरचा सुपर बोल वॉशिंग्टननं ३७-२४ असा जिंकला. तिसऱ्या वर्षी तर बिल्स सुरुवातीलाच बाहेर पडणार होते. ३ जानेवारी १९९३, समोर ह्यूस्टन. मैदानाची सगळी तिकिटं वेळेत खपली नव्हती, म्हणून गावात टीव्हीवर सामना दाखवला नाही. आम्ही स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसलो. जिम केली जखमी, त्याच्या जागी राखीव फ्रँक राइक. तिसरा पाव डाव सुरू होऊन थोडाच वेळ झाला आणि धावफलक ३५-३. मी रेडिओ बंद करायला हात पुढं केला, धाकट्यानं तो धरला. लोक मैदान सोडून निघाले होते. मग एक टचडाऊन, दुसरा, तिसरा, चौथा. बाहेर पडलेले लोक कुंपणावरून चढून पुन्हा आत जाऊ लागले. जादा वेळेत बिल्स ४१-३८ असे जिंकले. बत्तीस गुणांची पिछाडी भरून काढण्याचा हा विक्रम डिसेंबर २०२२ पर्यंत, जवळजवळ तीस वर्षं टिकला.

आणि एवढं करूनही त्या वर्षीच्या सुपर बोलमध्ये डॅलसनं ५२-१७ असं धुतलं. पुढच्या वर्षी पुन्हा डॅलसच. मध्यंतरापर्यंत बिल्स १३-६ पुढं, शेवटी ३०-१३ पराभव.

चार वेळा हरल्याची थट्टा देशभर झाली. पण थोडं थांबून पाहा. एकदा अंतिम सामना हरलेले किती संघ पुढच्या वर्षी पुन्हा तिथं उभे राहतात? शून्यापासून सुरुवात, उन्हाळ्यातला सराव, सोळा सामने, मग बाद फेऱ्या, आणि लोक म्हणणार की शेवटी हरणारच. हे माहीत असून तीन वेळा पुन्हा उठायचं, यात शिकवणाऱ्याचा वाटा किती असेल याचा विचार मी अनेकदा करतो. प्रत्येक सामन्याआधी लेव्ही खेळाडूंना एक प्रश्न विचारत. त्याचा भावार्थ असा, की या घटकेला, या जागेपेक्षा दुसरीकडे कुठं असावंसं वाटतं का तुम्हाला? देश सोडून आलेल्या आपल्यासारख्यांना हा प्रश्न जरा निराळाच लागतो. आपण निम्मे नेहमी दुसरीकडेच असतो.

१९९५ मध्ये सत्तरी गाठलेल्या लेव्हींना प्रोस्टेटचा कर्करोग निघाला. उपचार घेऊन, तीन सामने चुकवून ते परत मैदानावर उभे राहिले. १९९७ चा हंगाम संपल्यावर निवृत्त झाले. बफलोत त्यांचे ११२ विजय आणि ७० पराभव. ऑगस्ट २००१ मध्ये ओहायोतल्या कँटन इथल्या फुटबॉलच्या सन्मान दालनात त्यांचा समावेश झाला, सुपर बोल एकही न जिंकता.

आता माझ्या घरचं. आमचा धाकटा तोवर कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता, डॉक्टर व्हायच्या वाटेवर. निदान आम्ही सगळ्यांना तसं सांगत होतो. शाळेत असताना तो फुटबॉलच्या संघात होता, पण अंगानं किरकोळ, तीन वर्षं बाकावरच बसला. वही मात्र सुटली नाही. ऑक्टोबर २००१ मध्ये एका रात्री त्याचा फोन आला. “बाबा, मी मेडिकलला जात नाहीये. मला इतिहास शिकवायचाय, आणि कोचिंग करायचंय.”

मी गप्प राहिलो. मग जे बोललो ते आज लिहितानाही लाज वाटते. म्हटलं, “एवढी फी भरली ती शिट्टी फुंकायला का?” आणि फोन सौ. च्या हातात दिला.

रात्री झोप लागेना. दूध घ्यायला उठलो तर फ्रिजवर चुंबकानं लावलेलं एक कात्रण दिसलं. उन्हाळ्यात घरी आला तेव्हा यानंच लावलं होतं, दोन महिने मी त्याच्यासमोरून जात होतो. लेव्हींच्या कँटनच्या भाषणाची बातमी होती. त्यात त्यांनी त्या जुन्या फोनची आठवण सांगितली होती. हार्वर्डचा कायदा सोडून मला फुटबॉल प्रशिक्षक व्हायचंय, असं त्यांनी वडिलांना सांगितलं. तीस सेकंद पलीकडून अवघडलेली शांतता. मग तो जुना मरीन सैनिक एवढंच म्हणाला, “मग चांगला हो.” आणि पन्नासहून अधिक वर्षांनी, मानाच्या त्या व्यासपीठावरून पंचाहत्तरी ओलांडलेला मुलगा वडिलांना उद्देशून म्हणतो आहे, मी तुमची निराशा केली नसेल अशी आशा आहे.

मी स्वयंपाकघरात उभ्यानं ते दोनदा वाचलं. शांत तर मीही राहिलो होतो. नंतरचं वाक्य चुकलं होतं. आणि मुलानं हे कात्रण माझ्यासाठीच लावलं होतं हे कळायला मला तो फोन यावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी फोन केला असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. पाच महिने आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारल्या. शेवटी पाडव्याला फोनवर धीर करून म्हटलं, “शिकवायचंच तर चांगलं शिकव.” तो म्हणाला, “कात्रण वाचलंस वाटतं.”

गेली वीस वर्षं तो एका सरकारी शाळेत इतिहास शिकवतो आणि फुटबॉलचा साहाय्यक प्रशिक्षक आहे. त्यांचा संघ जिंकण्यापेक्षा हरतोच जास्त. शुक्रवारी संध्याकाळी आम्ही दोघं चहाचा थर्मास आणि पांघरूण घेऊन लाकडी बाकांवर जाऊन बसतो. मागच्या वर्षी एका सामन्यात त्यांच्या एका पोरानं शेवटच्या मिनिटाला सोपा चेंडू सोडला. सगळे निघून गेले तरी आमचा चिरंजीव त्या पोराच्या शेजारी बाकावर बसून होता, कितीतरी वेळ. काय बोलत होता ते ऐकू आलं नाही. गाडीत सौ. म्हणाली, “डॉक्टर झाला असता तरी हेच केलं असतं त्यानं.” मला वाटतं, तिचं बरोबर आहे.

लेव्हींनी निवृत्तीनंतरही स्वस्थता घेतली नाही. वयाच्या ऐंशीव्या वर्षी ते बिल्सचे जनरल मॅनेजर म्हणून परत आले आणि दोन वर्षं ते काम केलं, आठवणी लिहिल्या, एक कादंबरीही लिहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये त्यांनी वयाची शंभरी गाठली.

रांगेतल्या त्या गृहस्थांना मी काही उपदेश करणार नाही. मुलांनी घेतलेला प्रत्येक निर्णय बरोबरच ठरतो असं नाही, आणि वकिलीत वा इंजिनीअरिंगमध्ये काही वाईट नाही. फक्त एवढं सांगेन, की असा फोन आला तर तीस सेकंद गप्प बसा. तेवढा हक्क बापाला आहे. पुढचं वाक्य मात्र जपून बोला, पोरं ते जन्मभर लक्षात ठेवतात.

असो. लेख लांबला. सामन्यांच्या आकड्यांत चूकभूल झाली असल्यास चिरंजीवांच्या वहीकडे बोट दाखवावे. लोभ आहेच, तो वाढावा.